पेटीची छेडछाड

खंडेनवमीला सिद्धम्मानं दरवर्षीसारखी अवजारं पूजली. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, पाभरीचं चाडं असं सगळं सारवलेल्या अंगणात ओळीनं मांडलं. प्रत्येकाला विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूचं फूल वाहिलं आणि ताट घेऊन ती विहिरीवर गेली.

विहिरीवर पूर्वी विजेच्या मोटरीचा लोखंडी स्टार्टर होता. त्याचं दार उघडून आतल्या अंगाला विभूती लावायची ही तिच्या सासूची रीत. सासू म्हणायची, देव काय उंबऱ्यावर बसतो का? गाभाऱ्यात बसतो. बाहेरूनच बोट लावून माघारी फिरायचं, म्हणजे पाव्हण्याला दारातनं तांब्या दाखवायचा आणि तांब्या तसाच माघारी न्यायचा.

गेल्या दसऱ्यानंतर सरकारी योजनेतला सौर पंप आला. विजेचं कनेक्शन परत द्यावं लागलं, स्टार्टर भंगारात गेला. त्याच्या जागी लोखंडी खांबावर एक पांढरी प्लास्टिकची पेटी बसली. झाकणाच्या फटीवर लाल चिठ्ठी डकवलेली आणि तीवर इंग्रजीत काही लिहिलेलं. नव्या भांड्यावर असते तसलीच ती चिठ्ठी, असं सिद्धम्मा समजली. तिनं ताटात पूजेला ठेवलेलं उलथनं घेतलं, त्याच्या कोपऱ्यानं दोन्ही स्क्रू फिरवले, चिठ्ठी टर्रकन फाटली, झाकण उघडलं. आत हिरवी पाटी होती आणि ज्वारीच्या दाण्याएवढे दिवे लुकलुकत होते. तारांना हात लावायचा नाही एवढं तिला कळत होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला तिनं तीन बोटं ओढली, मनात ‘नमः शिवाय’ म्हटलं आणि झाकण लावलं.

पेटी पीक पीक करून बोलली. लाल दिवा लागला. सिद्धम्माला वाटलं, पावली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोमलिंग, म्हणजे तिचा नवरा, सकाळी शेवंतीला पाणी सोडायला गेला. बटण दाबलं, पंप उठला नाही. पुन्हा दाबलं. वर ऊन लख्ख, सौर पंपाच्या पाट्या तापलेल्या, खाली विहिरीत हात लांब केला तर लागावं असं पाणी. आणि ठिबकच्या नळ्या कोरड्या. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. चष्मा घरी होता. सोमलिंग तसाच फाट्यावर श्रीमंतच्या हॉटेलावर गेला.

हॉटेल म्हणजे पत्र्याचं शेड, एक स्टोव्ह आणि दोन बाकडी. लिंगदरी गावची माणसं सोनं वाटून तिथं चहाला जमली होती. श्रीमंतनं हात पुसून मोबाईल घेतला आणि बातम्या सांगितल्यासारखं मोठ्यानं वाचलं, “प्रिय ग्राहक, आपल्या यंत्राशी छेडछाड झाल्याचे आढळून आले आहे. सुरक्षेच्या कारणास्तव यंत्र बंद करण्यात आले आहे.”

वाचून झाल्यावर त्यानं वर बघितलं. “छेडछाड? आन् या वयात, अण्णा?”

बाकड्यावरची माणसं हसून हसून वाकली. कोणी म्हणालं, पाटी कवळी हाय अण्णा, जपून. कोणी विचारलं, केस झाली का नुस्ता मेसेजच आला? सोमलिंग कपाळाला विभूती लावल्याशिवाय पाणी न पिणारा माणूस. सप्त्यात वीणा त्याच्याच गळ्यात असायचा. दुसऱ्याच्या घरातली बाई समोरून आली तर हा बांधावरून खाली उतरायचा. तोही हसला, हसण्यावाचून इलाज नव्हता. पण चहावर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही. घरी येईपर्यंत त्याची मान भाजत होती, आणि ती उन्हानं नव्हे.

घरी त्यानं तो शब्द सांगितला नाही. पंप बंद पडलाय, एवढंच म्हणाला. बसवेश, त्याचा मुलगा, ट्रक घेऊन हैद्राबादकडं गेलेला. सून शिवप्रिया बारावी शिकलेली. कंपनीला फोन लावायला म्हणून तिनं मोबाईल घेतला आणि तिला तो मजकूर दिसला. तिनं ओठ दाबले.

“मामा, पेटी कुनीतरी उघडली म्हनत्यात.”

“कोन उघडंल? चोराला काय मिळतंय तिथं?”

चुलीपुढं बसलेली सिद्धम्मा भाकरी थापता थापता थांबली. “म्याच उघडली. विभूती लावायला.”

तव्यावरची भाकरी करपली. मग सोमलिंग उठला, कोपऱ्यातल्या घागरी घेतल्या आणि बाहेर पडला.

त्या दिवसापासून घरानं शेवंतीला डोक्यावरून पाणी वाहून घालायला सुरुवात केली. दिवाळीला फूल बाजारात जायचं होतं. कळ्या धरल्या होत्या, आत्ताच पाण्याचा ताण बसला तर कळी जागेवरच वाळणार. सोमलिंग विहिरीतून बादलीनं शेंदायचा, दोघी घागरी वाहायच्या. आश्विनातलं ऊन अंगावर लोखंडासारखं पडायचं. चुंबळीनं शिवप्रियाच्या टाळूचे केस तुटले. सिद्धम्माचा एक गुडघा सरीत बसला की उठताना कटकन वाजायचा, आणि ती तो आवाज खोकून झाकायची. एका घागरीत चार रोपं भिजायची. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या रोपांचं बूड सुकलेलं. वर पाट्या आरशासारख्या झळकत उभ्या होत्या, त्यांच्या सावलीत कुत्रं झोपलेलं. सोमलिंग दोर ओढता ओढता त्या पांढऱ्या पेटीकडं बघायचा आणि मान फिरवायचा. बायकोला तो एक शब्द बोलला नाही. तिला तेच जास्त लागत होतं.

कंपनीचा फोन लागायचा. त्यात एक बाई गोड आवाजात सांगायची की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग सनई वाजायची. सनई ऐकत ऐकत शिवप्रिया पार विहिरीपर्यंत जाऊन यायची.

शेवटी तिनं आयुबभाईला बोलावलं. आयुबचं नळदुर्गात मोटरी भरायचं दुकान. किल्ल्याच्या वाटेवर त्याच्या वडलांपासूनचं. पंचक्रोशीतली जळालेली मोटर त्याच्या हातून उठली नाही असं झालं नव्हतं. लिंगदरीच्या सप्त्याचा भोंगाही तोच बघायचा. सप्त्याची ती जुनी ॲम्प्लिफायरची पेटी इतक्यांदा उघडली होती की तिला झाकणच राहिलं नव्हतं. वर एक कापड टाकायचं, कीर्तन सुरू करायचं.

आयुब स्कूटरवरून आला, पिशवी सोडली, मीटरच्या दोन काड्या इथं तिथं लावल्या. सिद्धम्मा पदराचं टोक चावत उभी होती. तिनं विचारलं, “आयुबभाई, माझ्या विभूतीनं बिघडली का वं?”

“न्हाय अक्का. विभूती झाकनाला हाय, तारंला शिवली बी न्हाय.” त्यानं पेटीवर बोटानं टकटक केलं. “मशीन एकदम अच्छी हाय. फ्यूज गेला न्हाय, पाटी जळाली न्हाय. तिचा फकस्त तुमच्यावर इस्वास ऱ्हायला न्हाय.”

पेटीच्या काचेवर आकडे मागणारी एक रिकामी ओळ चमकत होती. आयुबनं ती दाखवली. हा आकडा कंपनीकडं असतो, तो भरला की पेटी उठते, न भरला तर उठत नाही. पेटी वगळून तारा सरळ मोटरीला जोडाव्यात तर मोटर जळणार. त्याच्याजवळ पान्हे होते, तारा होत्या, हातही होते. तो आकडा नव्हता. सांगताना त्याचा आवाज उतरला. दुकानातली अर्धी कामं आता अशीच माघारी जातात म्हणाला.

शिवप्रियानं विचारलं, “म्हंजे अजून कुनाच्या अशा बंद हायत?”

आयुब पिशवी आवरायला लागला. “नावं इचारू नका, बेटा. जो येतो तो शेवटाला एकच बोलतो, आयुबभाई, कुनाला सांगू नका.”

शिवप्रियाच्या डोक्यात ते वाक्य खड्यासारखं राहिलं. घागर डोक्यावर असताना ती शिवारभर बघायला लागली. नागूबाईच्या मळ्यात पाट्या होत्या आणि वांगी सुकली होती. नागूबाई विधवा, एकटी कसणारी. ती म्हणाली, उंदरानं वायर खाल्ली. श्रीमंतचं वावर फाट्याला लागून; त्याची मेथी पिवळी पडलेली. तो म्हणाला, बोअरला गाळ आलाय. ज्याला विचारावं त्याच्याकडं काहीतरी कारण होतं. लिंगदरीत एका हंगामात इतके उंदीर आणि इतका गाळ कुठून आला, हे तिला उमगेना.

मग एक दिवस कंपनीचा माणूस आला. रणधीर त्याचं नाव. नळदुर्गच्या हायवेवर कंपनीचं सेवा केंद्र होतं, तिथला हा तरुण. मोटरसायकल बांधावर लावून त्यानं आधी फाटक्या चिठ्ठीचा फोटो काढला, मग झाकणाच्या आतल्या तीन पांढऱ्या रेघांचा. त्या बघून त्याचा हात नकळत कपाळाकडं गेला. तो लाजला.

त्यानं सांगितलं की सील तुटलंय, म्हणजे कंपनीच्या हिशेबी छेडछाड झाली. नवी पेटी घ्यावी लागेल, नाहीतर अर्ज वर पाठवून वाट बघावी लागेल. सोमलिंग म्हणाला, तुझ्याकडचा आकडा टाक की लेका. रणधीरनं मान हलवली. “अण्णा, आकडा माझ्याकडं बी न्हाय. मला बी तुमच्यासारखीच सनई ऐकावी लागते.”

शिवप्रियानं त्याला पाणी दिलं आणि तो शब्द बदलता येतो का विचारलं. तो म्हणाला, शब्द मशीनमधेच हाय, ताई.

कोजागिरीला लिंगदरीचा शिवनाम सप्ताह बसतो. सप्ताह आला आणि सोमलिंगनं या खेपेला वीणा घेतला नाही. खांदा दुखतोय म्हणाला. खांदा दुखत होताच, पण गावाला माहीत होतं, गेल्या साली याच खांद्यावर धोंडा पडला होता तरी वीणा उतरला नव्हता. तो मागं खांबाला टेकून बसायचा, टाळ मांडीवर ठेवून. पोरं त्याला बघून एकमेकांना कोपर मारायची. सिद्धम्मा बायकांच्या बाजूनं ते बघायची; छेडछाडीची ती थट्टा एव्हाना बायकांतही पोचली होती.

शेवटच्या सकाळी प्रसादाचं कीर्तन होतं, मुरूम गावच्या बुवांचं. बुवा अंगानं वाळके, पण आवाज असा की आधी गुडघ्यात शिरायचा आणि मग कानात. माणूस बसल्या जागी डोलायला लागल्यावर त्याला कळायचं की आपण ऐकतोय. मृदंगावर थाप पडली, झाकण नसलेल्या भोंग्यानं एकदा घसा खाकरला आणि सुरू झाला.

बुवांनी त्या दिवशी दृष्टांत सांगितला तो एका बापाचा. लेकीचं लग्न केलं, रुखवतात सागवानी पेटी दिली, पेटीत लुगडी भरली. सगळा गाव म्हणाला, काय बाप आहे. पण किल्ली त्यानं ठेवली स्वतःच्या करदोट्याला. लेकीला सणाला लुगडं काढायचं झालं की चालत माहेरी यायची. बाप जेवायला बसलेला असला तर ताटकळायची, गावाला गेला असला तर रिकामी जायची. नवऱ्याच्या घरी पेटी, पेटीत लुगडं, आणि लेकीच्या अंगावर फाटकं. बुवांना पुढं मनाकडं जायचं होतं. ते झुकले, हात पसरला आणि म्हणाले, “मन शिवाला दिलं म्हन्तोस, आन् किल्ली करदोट्यालाच. ह्याला देनं म्हन्त्यात व्हय रं?”

टाळकरी तोंड उघडणार, तेवढ्यात बायकांतून सिद्धम्मा उभी राहिली. तिचा गुडघा कटकन वाजला, तो आज तिनं झाकला नाही. तिनं हात जोडले.

“शरणार्थ, बुवा. ती किल्ली कंपनीकडं हाय.”

लोक हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी मृदंगावर तळहात ठेवला. “कसली किल्ली, अव्वा?”

“आमच्या पंपाच्या पेटीची. खंडेनवमीला ती म्या उघडली, विभूती लावाया. आमच्या मालकांनी न्हाय उघडली.” ती थांबली नाही. “मोबाईलवर ती छेडछाड आली, ती माझ्या नावाची हाय. गावानं ह्यांना हसू नये. हसायचं तर मला हसा.”

मंडपात पिठाची गिरणी बंद पडल्यासारखं झालं. सोमलिंगनं मांडीवरचा टाळ घट्ट धरला होता. दहाबारा दिवस ज्या शब्दापासून तो पळत होता तो त्याच्या बायकोनं भोंग्यासमोर, बुवांसमोर उच्चारला होता आणि मंडप कोसळला नव्हता.

मग नागूबाई बसूनच बोलली, खाली जमिनीकडं बघत. “माझी बी बंद हाय. पाल शिरली म्हनून उघडली म्या. उंदरानं वायर खाल्ली म्हनून सांगितलं समद्यांना. बाईमानसाच्या मोबाईलवर असला शब्द आला, दाखवायचा कुनाला?”

पुरुषांच्या बाजूला एकानं घसा खाकरला. मग दुसऱ्यानं. कोणी मुंग्या झाल्या म्हणून झाकण काढलं होतं, कोणी पावसाचं पाणी पुसायला. प्रत्येकाला वाटत होतं की हा डाग आपल्या एकट्याच्याच कपाळी आलाय. बुवांनी सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मनाचा विषय त्यांनी पुन्हा उचललाच नाही; सरळ नामाचा गजर केला, आणि तो एवढा चढला की सोमलिंगचा टाळ त्याच्या नकळत वाजत होता.

पंगत बसली. लिंगदरीच्या पंगतीचा दंडक कडक. शेवटच्या पानावर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, पडल्याबिगर पहिल्या पानावरचा घास उचलायचा नाही, मग समोर पाटील असो नाहीतर तान्हं लेकरू. वाढप्यांवर देखरेख सिद्धम्माची. पहाटेपासून उपाशी सोमलिंगचा हात एकदा पानाकडं गेला. तिनं लांबूनच डोळे केले, तो हात मागं आला. श्रीमंत आमटीची बादली घेऊन वाढत वाढत आला. सोमलिंगच्या पानापुढं वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“अण्णा, माझ्या बोअरला गाळ न्हाय.”

सोमलिंगनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बातम्या वाचणारं तोंड ते. बरंच काही बोलता आलं असतं.

“वाढ,” तो म्हणाला. “पंगत खोळंबलीय.”

दुसऱ्या दिवशी लिंगदरीची माणसं टमटम भरून नळदुर्गच्या हायवेवर सेवा केंद्रापुढं जाऊन बसली. आयुबभाईनं दुकान बंद ठेवलं आणि तोही आला. सतरंजी टाकली, टाळ काढले. वीणा सोमलिंगच्या गळ्यात होता. घोषणा द्यायची कोणाला सवय नव्हती, म्हणून भजनच धरलं. ट्रकवाले वेग कमी करून बघायचे, कोणी हात जोडून पुढं जायचे. त्यांना वाटलं इथं नवीन देऊळ झालं.

रणधीर बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. शेवटी त्यानं वरच्या साहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. साहेब सभ्य होते. ते म्हणाले, हे ग्राहकांच्या सुरक्षेसाठीच केलंय, कोणी पेटी उघडली आणि विजेचा धक्का बसला तर जबाबदारी कोणाची?

प्रश्न खोटा नव्हता. आयुब पुढं सरकला. त्यानं सांगितलं की करंट काय असतो ते त्याच्या बोटांना माहीत आहे. “पर साहेब, कुलूप लावल्यानं करंट कमी होत न्हाय. शिकवा. नकाशा द्या पेटीचा. चूक झाली तर माझ्या दुकानाला कुलूप लावा.”

मग शिवप्रिया बोलली. सासऱ्यासमोर, गावासमोर, परक्या माणसाशी ती असं पहिल्यांदाच बोलत होती. पदर खांद्यावर घट्ट होता. “साहेब, पंप आमच्या रानात, पानी आमच्या विहिरीचं, ऊन देवाचं. आकडा तेवढा तुमच्याकडं ठेवलाय. तो आमाला द्या. ज्याचा पंप, त्याचा आकडा. आन् तो शब्द काढा. आमी आमच्याच वस्तूला हात लावला, त्याला छेडछाड म्हनू नका.”

साहेब म्हणाले, तुमचं म्हणणं वर कळवतो. वर म्हणजे कुठं, ते कोणी विचारलं नाही. रणधीरनं आतून थंड पाण्याचा जार आणून सतरंजीवर ठेवला आणि पेले वाटले. संध्याकाळी सगळे परतले.

सकाळी सोमलिंग बादली घेऊन विहिरीवर गेला, तर पेटीवर हिरवा दिवा. त्यानं बटण दाबलं. पंप गुरगुरला, नळ्या फुगल्या, पहिल्या रोपाच्या बुडाशी थेंब आला. सोमलिंग मटकन खाली बसला आणि तो थेंब बोटानं कपाळाला लावला.

तोवर शिवप्रिया घरी राहिलेला त्याचा मोबाईल घेऊन पळत आली. विशेष बाब म्हणून आपले यंत्र सुरू करण्यात आले आहे, पुन्हा छेडछाड करू नये, असं आलं होतं. तिनं भराभरा चार ठिकाणी फोन लावले आणि मोबाईल सासऱ्याला दिला. नागूबाईची पेटी बंद. श्रीमंतची बंद. ज्यांनी ज्यांनी सतरंजीवर टाळ वाजवले त्यांची बंद. सुरू झाली ती एकट्या सोमलिंगची, ज्याची सून साहेबांशी बोलली होती त्याची.

पंपाचा आवाज सकाळच्या शिवारात लांबवर जातो. बांधावरून जाणारी माणसं थांबायची, बघायची आणि काही न बोलता पुढं जायची. पलीकडं नागूबाई घागर घेऊन चालली होती. तिनं मान वळवली नाही. सोमलिंगला वाटलं, पेटीवर पोतं टाकावं, आवाज तरी दबेल. मग वाटलं, आपण काय चोरी केलीय? मग वाटलं, केलीयच काहीतरी. तो नळ्या बघत सरीसरीनं फिरला, पुन्हा बांधावर आला, पुन्हा सरीत गेला. बसवेना आणि उभंही राहवेना.

सिद्धम्मा भाकरी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं. शेवंतीच्या ओळीतून ती शेवटपर्यंत चालत गेली, वाकून प्रत्येक ओळीचं बूड चाचपलं. कळ्यांनी माना उचलायला अजून अवकाश होता, पण माती काळी झाली होती. शेवटची ओळ भिजेपर्यंत ती तिथंच थांबली. मग परत येऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

तिच्या हातात काय आहे ते सोमलिंगनं बघितलं आणि त्याला सगळं कळलं.

“एवढी दिवाळी निघू दे, सिद्धम्मा,” तो म्हणाला. “फूल निघालं की मग.”

“अव,” ती म्हणाली, “शेवटच्या पानावर हुग्गी पडलीय का?”

सोमलिंग शेवंतीकडं बघत राहिला. पाणी ठिबकत होतं. मग त्यानं तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि स्वतः पेटीपाशी गेला. स्क्रू आता सैल होते. झाकण उघडलं. आतल्या तीन पांढऱ्या रेघा तशाच होत्या, एक जरा पुसट झाली होती. सिद्धम्मानं विभूतीची वडी काढली आणि पुसट झालेली रेघ पुन्हा ओढली.

पेटी पीक पीक करून बोलली. लाल दिवा लागला. पंपाचा आवाज खाली खाली गेला आणि थांबला. नळ्यांतून राहिलेलं पाणी थोडा वेळ ठिबकलं.

खिशात मोबाईल वाजला. चष्मा सोमलिंगच्या कपाळावरच होता, पण त्यानं तो खाली ओढला नाही. धोतराचा सोगा खोचला आणि तो सरळ फाट्यावर गेला. हॉटेलात बाकडी भरलेली होती. सोमलिंगनं मोबाईल श्रीमंतपुढं धरला.

“वाच.”

श्रीमंतनं एक नजर टाकली आणि मोबाईल परत करायला लागला. सोमलिंगनं हात मागं घेतला.

“मोठ्यानं वाच. त्या दिवशी वाचलास तसं.”

श्रीमंतनं वाचलं. प्रिय ग्राहकपासून वाचलं. छेडछाड या शब्दाशी त्याचा आवाज अडखळला, मग तोही शब्द त्यानं पुरा वाचला, तारखेसकट. बाकड्यावरचा एक जण हळूच म्हणाला, अण्णा, चालू झालेली पुन्हा उघडली? सोमलिंगनं मान डोलावली.

श्रीमंतनं मोबाईल दोन्ही हातांनी त्याला परत दिला. मग वाकून स्टोव्ह बंद केला, उकळायला आलेला चहा तसाच झाकून ठेवला, कालची सतरंजी काखेत मारली आणि पायांत चपला घातल्या.